अडकणारे हात

शालनबाईंना जन्मापासून ऐकू येत नव्हतं, लिहिता-वाचताही येत नव्हतं. शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या घरात हातांची भाषा नीट यायची ती फक्त लेकीला, धम्मप्रियाला. लग्न होऊन केम गावी जाताना तिने आईला फोन घेऊन दिला. तिथे व्हिडिओ कॉल टिकत नसे, म्हणून ती हातांनी बोलून व्हिडिओ करायची आणि स्पष्ट दिसावा म्हणून मूळ फाइलच पाठवायची. आईचं उत्तर ठरलेलं, वर केलेला अंगठा.

बऱ्याच महिन्यांनी ती माहेरी आली, तर आई भावजयीशी, प्रतिक्षाशी, भराभर हातांनी बोलत होती. मध्येच दोघी खळखळून हसल्या. धम्मप्रिया दारातच थबकली.

"हे कधी शिकलीस?"

"आईंनीच शिकवलं की. ताई, एक सांगू? तुमचे व्हिडिओ ह्या फोनवर लई अडकतात. त्यांना कळतच नाहीत."

तिने एक लावून दाखवला. धम्मप्रियाचा हात छातीशी होता, तो एकदम कपाळावर गेला. मधलं सगळं गायब.

"तुमचा फोन नव्या प्रकारात व्हिडिओ साठवतो. तो उलगडायची सोय ह्याच्या चिपमध्ये नाही. सगळा भार प्रोसेसरवर येतो, फोन तापतो."

"मग तुझ्या फोनवर दाखवायचे होतेस."

"आई देत नाहीत. लेकीचे आहेत म्हणतात."

दुसऱ्या दिवशी धम्मप्रिया एकट्या आईला घेऊन चनबसप्पांच्या मोबाइलच्या दुकानात गेली. प्रतिक्षाला विचारलंही नाही. सगळ्यांत चकचकीत, मोठ्या कॅमेऱ्याचा फोन तिने निवडला. त्यावर स्वतःचा व्हिडिओ लावला, तर हात पुन्हा अडकले. आईने तिच्या खांद्याला हात लावला आणि दोन बोटं गालावर खळी पडते तिथे नेली. ही खूण धम्मप्रियाने कधी पाहिली नव्हती. मग कळलं. खळी प्रतिक्षाची; आईने सुनेला खुणेचं नाव दिलं होतं. आई म्हणत होती, प्रतिक्षाला बोलव.

तिने बोलावलं. दात आवळूनच.

प्रतिक्षाने आधी प्रत्येक फोनची चिप कोणती ते विचारलं, ती असले व्हिडिओ स्वतः उलगडते का ते नेटवर पाहिलं. मग तिने आईलाच हातांनी विचारलं, कुठला लावू? आईने बोट ठेवलं तो व्हिडिओ धम्मप्रियाने ओळखला. प्रतिक्षाने निवडलेल्या साध्याशा फोनवर धम्मप्रियाचे हात पाण्यासारखे चालू लागले. हात सांगत होते, पोटातलं बाळ गेलं, आई. कुणाला सांगू नको. तू ये.

तेव्हाही अंगठाच आला होता. म्हणून तर इतके महिने ती माहेरी फिरकली नव्हती.

आईने व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला आणि भर दुकानात लेकीला कवटाळलं. प्रतिक्षा बाहेर पायरीवर जाऊन उभी राहिली.

तोच फोन घेतला. घरी जाताना सासू-सून पुन्हा हातांनी बोलू लागल्या आणि धम्मप्रिया दोन पावलं मागे राहून बघत राहिली. पण प्रतिक्षाची 'भाकरी'ची खूण चुकत होती.

"तसं नाही," धम्मप्रिया म्हणाली आणि प्रतिक्षाचं मनगट धरून तिने तळवा वळवला. "असं. नाहीतर आईला 'कागद' वाटेल."