वायरलेसच्या गाडीतला खडू

मागचं दार. फुली.

पातूर रोडवरच्या शेडात धम्मदीपने लष्करातली जुनी वायरलेसची गाडी उभी केली होती. पाठीवर पत्र्याची खोली, खोलीत कधीकाळी रेडिओ आणि दोन माणसं. नांदगाव पेठेजवळ हॉटेल काढणाऱ्या किशोरभाऊला ती दारात ठेवायची होती. नव्यासारखी नाही, होती तशी. धम्मदीपची पद्धत साधी. भाग अस्सल असला की त्यावर खडूने बरोबरची खूण, मागाहून कोणी ठोकलेला असला की फुली. फुलीवाला काढायचा, अस्सल हुडकून आणायचा.

वडील, जीवनराव, घरी एकटे ठेवण्यासारखे राहिले नव्हते, म्हणून तो त्यांनाही शेडात आणून बसवायचा. तरुणपणी ते अशाच गाडीत ऑपरेटर होते. एकाहत्तरची लढाई त्यांनी तिच्यात बसून ऐकली. आता त्यांना सकाळचा चहा आठवत नसे, आणि पोळ्याच्या सणापासून पोराचं नावही नाही. ते त्याला भाऊ म्हणत. भाऊ, पाणी देता का.

रेडिओचं बटण. फुली.

अस्सल मिळेना म्हणून धम्मदीपने तात्पुरतं काळं प्लास्टिकचं बटण बसवलं, त्या दुपारी म्हातारा उठून आत आला, बटण चाचपलं आणि गरजला, "अबे धम्मा! हे कोनं लावलं? चुलीत घाल! पितळी लागते इथं, आंधारात बोटाले खाच कळली पायजे!"

धम्मदीपच्या हातातला पाना खाली पडला.

धम्मा.

त्याने खडू वडिलांच्या हाती दिला.

मधले बरेच भाग. फुल्याच फुल्या.

मग अकोल्याच्या भंगारवाल्या अब्दुल गफ्फारकडे फेऱ्या सुरू झाल्या. "लोहा तं लोहा राह्यते, धम्माभाई. तू काहून कुंडली काढून राहिला? लगन लावतं का गाडीचं?"

"बाबाले अस्सलच पायजे, चाचा."

"वा रे तुहा बाबा! माहा चेहरा आठवत नाई, आन् बटनाची खाच आठवते!"

पण पितळी बटण चाचांनीच काढून दिलं. धम्मदीपच्या डोक्यात एकच बसलं होतं: चुकीची एक वस्तू गेली की बाबांचा एक तुकडा जागेवर येतो. गाडी पुरी जुळली की बाबा पुरे. आणि म्हाताऱ्याची पाठ खरंच ताठ झाली. तो दिवसभर बोलू लागला.

कोणाशी, हे धम्मदीपने नीट पाहिलं नाही.

दुसरी खुर्ची. बरोबर.

जीवनरावांनी ती खूण अंग चोरून, लांबूनच केली. "नत्थुजी इथं बसला होता."

"कोन नत्थुजी, बाबा?"

"गोळा पडला तं बसूनच राह्यला. डोळे उघडे. त्याले सरकवाले जागा नव्हती. मी बोलतच राह्यलो. तिकडून कोनी बोले ना."

जन्मभर न सांगितलेलं ते एका दमात बाहेर आलं. धम्मदीपला वाटलं, बरं झालं, माणूस मोकळा होतो.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याने आपला डबा रिकाम्या खुर्चीपुढे सरकवला. "खाय ना बापा, नत्थुजी."

इथे थांबायला हवं होतं. पण एकच भाग उरला होता.

माईक. बरोबर.

त्याची वायर कुठेच जोडलेली नव्हती. जीवनराव तो तोंडाशी धरून विचारत, "हॅलो, ऐकू येते का? ओव्हर." थांबत. पुन्हा विचारत.

"बाबा, घरी चला."

म्हाताऱ्याने खडू उचलला. छत, बरोबर. रेडिओ, बरोबर. खुर्चीकडे पाहून मान हलवली. मग नजर धम्मदीपवर आली. त्याने हात लांब केला आणि पोराच्या शर्टावर, छातीवर, फुली मारली.

"हे आपल्या गाडीतलं नाई," त्याने खुर्चीला सांगितलं.

रेडिओचं बटण.

काढलेल्या नकली मालाच्या डब्यातून धम्मदीपने ते प्लास्टिकचं बटण उपसलं. पितळी काढून तेच बसवलं आणि वडिलांचा हात धरून त्यावर ठेवला. शिवीची इतकी वाट त्याने कधी पाहिली नव्हती.

बोटं फिरली. थांबली.

"कोनं लावलं हे?"

"मी, बाबा."

"तुमी नाई, भाऊ. हे धम्माचं काम. माहा पोरगा. कामाचा हाय, पन घाई लय." माईक पुन्हा तोंडाकडे गेला. "बोलवा त्याले. म्हना, वाकून ये. गोळे पडून राह्यले."

"सांगतो," धम्मदीप म्हणाला.

तो खाली उतरला. उन्हात जरा उभा राहिला. मग वाकून, पार गुडघ्यांपर्यंत वाकून, पुन्हा गाडीत शिरला.

"बाबा, आलो मी."

म्हाताऱ्याने मागे न पाहता हाताने गप्प बसायची खूण केली. तिकडून कोणीतरी बोलत होतं.