तिसऱ्या खुर्चीची नळी

"वन्सं, तुमच्या दालचिनीनं माझं वाटोळं केलं!" दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासणीचा कागद नणंदेच्या पुढ्यात आपटला. "आधी दोनशे जंतू होते, आता दोन हजार! तेल घातलंत की खत?"

नणंद पाण्याच्या प्रयोगशाळेत होती. दवाखान्याच्या खुर्च्यांना पाणी पुरवणाऱ्या बारीक नळ्यांत आतून बुळबुळीत थर धरायचा आणि त्यात जंतू घर करायचे. औषधांना तो दाद देईना. दालचिनीच्या तेलानं तो निघतो, हे तिनं तीन वर्षं बाटल्यांमध्ये पाहिलं होतं. खऱ्या नळीत पाहायला भावजयीनं तिसरी खुर्ची नळीत तेल भरून आठवडाभर बंद ठेवून दिली होती. आता नळ्या बदलायला मेकॅनिक पाना घेऊन हजर होता. सगळ्या नळ्या उपटल्या की प्रयोगही गुंडाळला.

तिनं आकडा पुन्हा वाचला. तेलानं जंतू वाढतील कसे?

"वहिनी, नमुना कधी घेतलात?"

"खुर्ची उघडल्या उघडल्या, पहिल्याच पाण्याचा. तुम्हीच शिकवलंय ना!"

नणंदेनं कागद खाली ठेवला. रोजच्या तपासणीला तेच बरोबर, पण इथं? आठवडाभर सुटलेलं सगळं त्या पहिल्या पाण्यातच येणार! चूक तिच्याच शिकवणीची होती.

"अहो, हे वाढलेले नाहीत, घराबाहेर काढलेले आहेत! नळी कापा!"

"कापली की खुर्ची बंद," मेकॅनिक म्हणाला. "मग माझ्या नावानं खडे फोडायचे नाहीत."

दोघांनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. "कापा," त्या म्हणाल्या.

वीतभर नळी उभी चिरली. नणंदेनं मनातल्या मनात देवाला हात जोडले, मग जांभळा रंग आत सोडून धुतला. थर असता तर रंग धरून बसला असता. नळी पांढरीशुभ्र! फक्त वळणाशी नखाएवढा डाग.

"इथं अजून ठाण मांडून आहेत मेले," ती प्रामाणिकपणे म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी हातमोजा काढून आतून बोट फिरवलं. कुठं बुळबुळ नाही! चक्क कुरकुर वाजलं.

"वन्सं! अहो वन्सं!" त्यांनी नणंदेला मिठीच मारली. "काका, पाना ठेवा आणि इथं नवा तुकडा जोडा. या खुर्चीत आणखी आठवडाभर तेल, मग भरपूर पाणी सोडून पुन्हा मोजायचं. आणि दुसरी खुर्चीही आजपासून बंद!"

"बाई, पेशंट?"

"एका खुर्चीवर भागवू! वन्सं, बाटली आणलीय ना?"