कामांची वाटणी

तिने रंगाच्या डब्याचं लेबल उचलून आपल्या गठ्ठ्यावर ठेवलं, तसं नवऱ्याने ते तिथून काढलं आणि स्वतःच्या गठ्ठ्यावर ठेवलं.

"त्यातली अक्षरं माझी आहेत," ती म्हणाली.

"अक्षरं तुझी, मांडणी माझी. लोक डबा लांबून बघतात. अक्षरं जवळ आल्यावर वाचतात."

"लांबून बघून कोणी रंग घरी नेत नाही."

"भांडा, भांडा," खिडकीपाशी बसलेले छापखानेवाले काका म्हणाले. "मी जेवणाचा डबा घेऊनच आलोय. मला घाई नाही."

बारा वर्षं दोघांनी याच खोलीत बसून लेबलं, खोकी, पाकिटं काढली होती आणि ती सगळी काकांच्या छापखान्यात छापून घेतली होती. सात महिन्यांपूर्वी ती भावाकडे राहायला गेली. आता खोलीचा करार संपत आला होता आणि दोघंही नोकरी शोधत होते. नोकरीसाठी दाखवायला पोर्टफोलिओ लागतो, आणि दोघांत मिळून तो एकच होता. या धंद्यात सगळे सगळ्यांना ओळखतात. एकच काम दोघांनी 'माझं' म्हणून दाखवलं असतं तर दोघंही खोटे पडले असते. म्हणून ठरलं, जे काम ज्याच्या वाट्याला येईल ते त्याचंच. दुसऱ्याने त्याचं नावही काढायचं नाही. साक्षीला काका, कारण दोघांचाही विश्वास असलेला माणूस एवढा एकच उरला होता.

नवऱ्याला चाळीस कामं दाखवायची होती. ती फक्त सहाच्या शोधात होती. हे तिला वहिनीने शिकवलं होतं. वहिनी एका मोठ्या कंपनीत नोकरभरतीचं काम बघायची, आणि घरातल्या माणसांशीही उमेदवारांशी बोलल्यासारखीच बोलायची.

"चाळीस कामं कशाला? प्रदर्शन भरवायचंय का? सहा दाखव," ती म्हणाली होती. "प्रत्येकात सांग, अडचण काय होती, तू काय केलंस, मग काय झालं. आणि ते 'आम्ही' आधी तोंडातून काढून टाक. 'आम्ही केलं' म्हटलं की समोरचा विचारणारच, मग तू काय केलंस?"

दुपार कलली तेव्हा टेबलावर एकच वस्तू उरली होती. लहान मुलांच्या तापाच्या औषधाचं खोकं.

त्या कंपनीची दोन औषधं होती, एक तापाचं, एक खोकल्याचं. दोन्हींची खोकी एकाच मापाची. रात्री दिवा न लावता, रडतं मूल कडेवर घेऊन कपाटात हात घालणाऱ्या आईच्या हाती हटकून चुकीचं खोकं यायचं. या दोघांनी तापाच्या खोक्याचा वरचा एक कोपरा तिरका कापला. बोटांना अंधारातही कळायचं. एवढंच काम, पण त्याला बक्षीस मिळालं. बक्षीस घ्यायला नवरा मंचावर गेला आणि माइकसमोर म्हणाला, "मला सुचलं, कोपरा कापला तर?"

ती तिसऱ्या रांगेत बसली होती. टाळ्या वाजवायला उचललेले हात तिने तसेच मांडीवर ठेवले. घरी आल्यावर जे सुरू झालं ते मग संपलंच नाही. बाकीची भांडणं नंतर त्याच खुंटीला टांगली गेली.

"हे माझं आहे," ती म्हणाली.

"याला बारा गावं साक्षीला आहेत, हे कोणाचं आहे ते."

"बारा गावांनी तुझं भाषण ऐकलं. मी स्वयंपाकघरात भांडी विसळत होते. मी म्हटलं, कोपरा काप. मी."

"तू म्हटलंस?" तो हसला. त्या हसण्यासाठी तिने त्याला कधीच माफ केलं नव्हतं. "बरं. तू म्हटलंस."

"काका, तुम्ही सांगा."

"माझ्याकडे तुम्ही दोघं आलात तेव्हा कोपरा कापलेलाच होता," काका म्हणाले. "त्याआधीचं मला काय ठाऊक? मी काय तुमच्या स्वयंपाकघरात होतो?"

अर्धा तास गेला. शेवटी तिनेच आपल्या गठ्ठ्यातून तीन कामं काढून त्याच्यासमोर सरकवली: रंगाच्या डब्यासाठी काढलेली अक्षरं, साबणाची वेष्टणं, आणि त्याला कित्येक वर्षं हवीहवीशी वाटणारी चहाच्या पुड्यांची मालिका.

"ही घे. खोकं मला दे."

"ताई, एकाला तीन?" काका पुढे झुकले. "जरा विचार करा."

"केलाय."

नवऱ्याने तिन्ही कामं एकदा चाळली. मग खोकं उचलून तिच्या गठ्ठ्यावर टाकलं, अगदी टाकलंच. "घे. डोक्यावर घेऊन नाच." आणि कोपऱ्यात ठेवलेल्या दोघांच्या जुन्या वह्यांच्या खोक्याकडे पायानेच खूण करून म्हणाला, "आणि त्या वह्याही तूच ने. मला रद्दी नको."

काकांनी कागदावर दोन याद्या लिहिल्या, दोघांच्या सह्या घेतल्या, खाली स्वतःची केली. मग आपला डबा उघडला आणि दोघांना जेवता का म्हणून विचारलं. कोणी हो म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनीने तिची सहा कामं जेवणाच्या टेबलावर एका रांगेत लावली आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"छान आहेत. पण गुळगुळीत आहेत. कच्चं काम कुठंय?"

"कसलं कच्चं?"

"आधीची चित्रं. खाडाखोड. चुकलेली चार, मग जमलेलं एक. सुबक चित्र काय, सगळेच दाखवतात. तुझं डोकं कसं चालतं ते त्यांना बघायचं असतं. उद्या सकाळी अकराला मुलाखत आहे बयो, ऊठ."

ती वह्या घेऊन खोलीत गेली. जमिनीवर फतकल मारून तिने खोकं केलं त्या वर्षाच्या वह्या एकेक करून उघडल्या. पहिल्या दोन वह्यांत खोकी होती, पण चारही कोपऱ्यांची. तिसऱ्या वहीत, चहाच्या डागाशेजारी, नवऱ्याच्या बारीक, डावीकडे झुकलेल्या अक्षरात दोन ओळी होत्या. वर तारीख होती. खाली एक खोकं, त्याचा उजवा कोपरा पेन्सिलीने कापलेला.

'कोपरा कापला तर? तिला विचारायचं.'

'तिला'खाली त्याने रेघ मारली होती.

तिने तारीख पुन्हा वाचली. त्या दिवशी स्वयंपाकघरात नळाचं पाणी पडत होतं, हे तिला पक्कं आठवत होतं. हातात कढई होती, हेही. आपण म्हणालो ते तर तिने सात महिने घोकून घोकून पाठ केलं होतं. पण दारात तो उभा होता, कानावर पेन्सिल, हातात ही वही, हे आज पहिल्यांदा आठवलं. त्याने काहीतरी विचारलं होतं. पाण्याच्या आवाजात तिने मान न वळवता उत्तर दिलं होतं. 'कोपरा काप' असं ती म्हणाली नव्हती. ती म्हणाली होती, "काप की."

तिने वही मिटली, गादीखाली सरकवली, मग पुन्हा काढून इतर वह्यांच्या तळाशी ठेवली.

"सापडलं का?" बाहेरून वहिनीने विचारलं.

"नाही."

"नसलं तर नसू दे. आता म्हण बघू. हे कोणाला सुचलं?"

"मला," ती म्हणाली. वहिनीने तिच्याकडून ते सहा वेळा म्हणून घेतलं. चौथ्या वेळी तिचा आवाज बरा आला, असं वहिनीचं मत पडलं.

मुलाखतीच्या खोलीत दोघं होते. तिथले डिझाइनप्रमुख, आणि एचआरच्या एक बाई. प्रमुखांनी तिला बसा म्हटलं नाही. बाईंनी खुर्चीकडे बोट केलं. पहिल्या कामाची अडचण सांगायला तिने तोंड उघडलं, तोवर ते तिसऱ्यावर पोहोचले होते.

"सुंदर आहे," ते म्हणाले. जेवणात मीठ कमी आहे, हे सांगण्याचा सूर होता तो. "पुढे."

"यात अडचण अशी होती—"

"अडचण मला दिसतेय. तुम्ही दिसत नाही आहात. बारा वर्षं नवऱ्याबरोबर स्टुडिओ, असं लिहिलंय. म्हणजे अर्ध्या कामांत तुम्ही, अर्ध्यांत ते. कुठल्या अर्ध्यात कोण, हे मी कसं ओळखायचं?"

"ही सहाही माझी आहेत."

"असं इथे सगळेच म्हणतात. काल एकाने आमच्याच कंपनीचं लेबल मला त्याचं म्हणून दाखवलं."

बाई कागदाकडे बघून हसल्या. तिने पुढचं काम समोर सरकवलं. चौथं काम गेलं, पाचवं गेलं. सहावं खोकं मात्र प्रमुखांनी हातात घेतलं, ठेवलं नाही. त्यांनी डोळे मिटले आणि अंगठा कापलेल्या कोपऱ्यावरून एकदा, दोनदा फिरवला.

"हे कोणाला सुचलं?"

उत्तर जिभेवर तयार होतं, सहा वेळा घासून पुसून ठेवलेलं.

"माझ्या नवऱ्याला," ती म्हणाली.

बाईंनी मान वर केली. प्रमुखांनी डोळे उघडले.

"मग ते तुमच्या पोर्टफोलिओत काय करतंय?"

इतका वेळ गिळलेला राग वर आला. तो या माणसावर होता, नवऱ्यावर होता, त्या वहीवर होता. कोणावर किती, हे वेगळं करत बसायला वेळ नव्हता.

"सुचणं हे एका ओळीचं काम होतं," ती म्हणाली. "त्याने उजवा कोपरा कापला होता. उजवा चुकीचा आहे. मी सोळा घरांत गेले, आयांना म्हटलं, दिवा बंद करा, मूल कडेवर घ्या, औषध काढा. सोळातल्या चौदा जणींनी मूल डाव्या कडेवर घेतलं. खोकं उजव्या हाताने काढलं. उजव्या हाताने धरलं की अंगठा डाव्या बाजूला पडतो. द्या इकडे." तिने खोकं त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि धरून दाखवलं. "म्हणून डावा. मग कोपरा कापला की खोकं चेपायला लागलं. पहिली चारशे खोकी छापखान्यात रचल्या रचल्या बसली. आतली घडी मी बदलली, अकरा वेळा. अकरावी टिकली. त्याने विचारलं, कोपरा कापला तर? पण कुठला, किती, आणि कापल्यावर खोकं उभं कसं राहील, हे मी केलं. मी."

ती थांबली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण उभ्या आहोत. ती खाली बसली.

प्रमुखांनी हात पुढे केला. तिने खोकं दिलं. त्यांनी त्याचं झाकण उघडलं, आतली घडी नखाने सोडवली, पुन्हा बसवली. 

"हे तुमचे यजमान," ते म्हणाले, "सध्या कुठे असतात?"

"नोकरी शोधतायत."

"हं." मग तिच्याकडे न बघता बाईंना म्हणाले, "त्यांनाही बोलावून घ्या. दोघांचं बघून ठरवू." आणि उठले. दारापर्यंत गेल्यावर त्यांना खोकं हातातच असल्याचं कळलं, तेव्हा परत येऊन त्यांनी ते तिच्यासमोर नीट उभं करून ठेवलं.

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. "त्यांचा नंबर देता का?"

"जागा किती आहेत?" तिने विचारलं.

"एकच," बाई म्हणाल्या. मग थोडं ओशाळून पुढे म्हणाल्या, "तुम्हाला द्यायचा नसेल तर राहू दे. आम्ही शोधू कुठून तरी."

तिने पिशवीतून फोन काढला, आणि मग आठवलं की त्यातून तो नंबर तिने सात महिन्यांपूर्वीच पुसून टाकला होता. फोन परत पिशवीत ठेवून तिने एकेक आकडा सांगायला सुरुवात केली. कुठेही अडखळली नाही. बाई लिहीत होत्या. मागून कोणीतरी दार उघडून चहाचं विचारलं, आणि त्यात शेवटचा आकडा बुडाला.

"शेवटी काय म्हणालात?" बाईंनी पेन कागदावर टेकवूनच विचारलं. "नऊ ना?"

नुसती मान हलवली असती, तरी फोन त्याच्यापर्यंत पोहोचला नसता.

ती समोरच्या खोक्याकडे बघत होती.

"सात," ती म्हणाली. आणि बाईंना ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा एकदा, जरा मोठ्याने, "सात."