रामधनच्या नावाचं बोंड

मित्रांनो, मी एक तडा गेलेलं काचेचं बोंड बोलतोय. कपाशीचं, उमललेलं, कलिंगडाएवढं. मला शोभेची वस्तू म्हणाल तर खबरदार!

राळेगावकडचा मजूर रामधन कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन मेला. त्याला लागू न पडलेल्या औषधांच्या बाटल्या दवाखान्यामागच्या भंगारात पडल्या होत्या. त्याची आठवण म्हणून काचेचं बोंड घडवायला यवतमाळच्या चित्रकलेच्या शिक्षिका उर्वशीबाईंनी त्या आणल्या, धुतल्या, कुटल्या. मेणाच्या बोंडाभोवती प्लास्टरचा साचा केला, मेण वितळवून काढलं आणि पोकळीत काचेचा चुरा भरायला घेतला. तेवढ्यात रामधनची बायको रुखमाबाई आली. नवरा गेल्यावर फोडलेल्या हिरव्या बांगड्यांचे तुकडे तिने फडक्यात बांधून आणले होते.

"हे बी टाका बाई याच्यात."

"बांगडीची काच वेगळी असते रुखमाबाई. निवताना नाही तर पुढे कधीतरी तडा जाईल."

"जाऊ द्या ना! मले काय सजवून ठेवाचं हाय? खाली त्याचं नाव लिवा, बस."

बाईंना नाही म्हणवलं नाही. मी भट्टीतून निघालो तो पोटात हिरवी रेघ घेऊनच. बाईंनी रुखमाबाईला 'रामधन' ही चार अक्षरं गिरवायला शिकवली.

त्या वर्षी कापसाला भाव नव्हता, लोक चिडलेले. म्हणून पुढाऱ्यांना कापूस खरेदीच्या आवारात काहीतरी बसवायचं सुचलं. रामधनच्या नावाची पाटी लावतो, असा शब्द देऊन त्यांनी मला नेलं. अनावरणाला काय ते कौतुक! हार मला, फोटो पाहुण्यांचे. रुखमाबाई एसटीने येऊन मागे बसली होती. गर्दी पांगल्यावर तिने पाटीवरून बोट फिरवलं.

"यात 'रा' नाही. ह्यो कोन हाय?"

"पाहुण्यायचं नाव हाय," शिपाई किसनराव म्हणाला. "मेलेल्याचं नाव कायले कोनी लावतं इथं?"

"मंग मह्या बांगड्या वापस द्या."

तो हसला. मला इतका संताप आला, पण काचेला कुठे ओरडता येतं?

त्यानंतर दर बाजारच्या दिवशी ती यायची आणि बांगड्या मागायची. उन्हाळा लागला आणि हिरव्या रेघेपाशीच मला तडा गेला. लगेच माझी रवानगी कचेरीच्या जिन्याखाली. लोक पान खाऊन माझ्यावर थुंकले. शेवटी किसनराव वैतागून म्हणाला, "ने बाई, तसंबी फुटकंच हाय."

आता मी रुखमाबाईच्या दारात असतो. माझ्या अंगावर तिने चुन्याने 'रामधन' लिहिलंय. 'ध' उलटा आहे. पावसाने धुतलं की ती पुन्हा लिहिते.

मित्रांनो, मला जपा म्हणून मी हात जोडणार नाही. तिला चारच अक्षरं येतात, त्यातलंही एक उलटं. तुम्हाला तर सगळी बाराखडी येते. मग त्याचं नाव लिहायला तुमचा हात काहून उचलत नाही?