भीती नक्की कुणाला

निर्मलाला बंगळूरला मुलगी झाली, म्हणून तिनं आई सकुबाई आणि भाऊ चंदर यांची विमानाची तिकिटं काढली. बाळंतिणीसाठी नाचणीचं पीठ बांधून सकुबाई हौसेनं वाशिंदहून निघाली.

पण विमानात चढायची वेळ आली तसा चंदर खुर्चीतून उठेना. त्याचा शर्ट घामानं भिजला होता. बोलवायला आलेल्या विमान कंपनीच्या मुलीला तो म्हणाला, "आईला भीती वाटते. आमी नाय येत."

मुलगी सकुबाईला समजावू लागली, "आजी, या वयात बायकांना होतं असं."

"मला काय झालंय? त्याला विचारा," सकुबाई म्हणाली. मुलगी नुसती हसली. तोवर चंदर पिशव्या उचलून चालू लागला होता.

घरी शेजारणी चौकशीला आल्या. सकुबाईनं खरं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "एवढा बाप्या माणूस कसा घाबरेल गो?" चंदर समोरच बसला होता, त्यानं पेपर तोंडासमोर धरला.

चिडून तिनं निर्मलाला फोन लावला. "पुढल्या टायमाला माझं एकटीचं तिकीट काढ."

"एकटीचं? नाय गो आई, तू परत घाबरशील."

सकुबाईनं फोन ठेवला.