दुसरीकडं गेलो, तुमी पण या

बीदरकडच्या निर्णा गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवणारे नागनाथ सर त्या दिवशी शाळेतून घाईघाईनं घरी आले, उभ्या उभ्याच चहा प्याले आणि कॉम्प्युटरपुढं जाऊन बसले. उन्हाळ्यापासून ज्या खेळाची वाट बघितली, त्याचा दुसरा भाग आज येणार होता.

खेळ तसा साधा. बर्फाच्या कुठल्याशा देशात मालानं भरलेला एक जुनाट ट्रक दोघांनी मिळून घाटातून पार न्यायचा. एकानं गाडी हाकायची, दुसऱ्यानं नकाशा बघून वाट सांगायची आणि चाक रुतलं की खाली उतरून दोर बांधायचा. गाडी सर हाकायचे. वाट सांगायचे त्यांचे व्याही, कमलनगरचे श्रीमंतराव. दोन गावांत अंतर पुष्कळ, पण कानाला हेडफोन लावले की दोघं एका केबिनमध्ये बसलेले असायचे.

ही सोयरीक सहज जुळलेली नव्हती. सरांची पंचशीला आणि श्रीमंतरावांचा माउली हैदराबादला एकाच कंपनीत होते, तिथंच त्यांचं जमलं. पंचशीला बौद्ध घरातली, माउली मराठ्याचा. लग्न बीदरच्या कचेरीत सह्या करून झालं. श्रीमंतराव आले, सही केली, अर्धा पेढा खाल्ला आणि मिळेल त्या गाडीनं परत गेले. त्यांचे थोरले भाऊ फिरकलेच नाहीत. पुढं नात झाली तेव्हा दोन्ही आजोबा हैदराबादच्या त्या लहानशा घरात एकत्र आले. पाऊसपाणी, तब्येत, भालकीचा रस्ता एवढं बोलून झालं की बोलण्यासारखं काही उरायचं नाही. दोघं बंद टीव्हीकडं बघत बसायचे. शेवटी माउलीनंच एका संध्याकाळी दोघांना कॉम्प्युटरपुढं बसवलं. ट्रक दरीत गेला, पुन्हा गेला, आणि श्रीमंतराव ओरडले, "ओ अण्णा, डावीकडं म्हणलो की मी!"

तोवर ते 'सर' म्हणत होते. त्या दिवसापासून सरांचे 'अण्णा' झाले.

माउलीनं मग आपलं जुनं मशीन सासऱ्याला दिलं, वडिलांना लॅपटॉप घेऊन दिला. खेळ इंटरनेटवरच्या एका दुकानातून घेतलेला. ते दुकान उघडलं की बाजूला ओळखीच्या माणसांची नावं दिसायची. जो आत असेल त्याचं नाव हिरवं, नसेल त्याचं करडं. सरांच्या यादीत एकच नाव होतं. बी-बियाण्याचं दुकान बंद करून श्रीमंतराव घरी पोचले की ते हिरवं व्हायचं.

आज सरांनी खेळाचं पान उघडलं. काल तिथं 'उद्या येत आहे' असं होतं. आज लिहिलं होतं की हा खेळ सध्या इथं मिळणार नाही. सरांनी पान बंद करून परत उघडलं. मग मशीनच बंद करून चालू केलं. श्रीमंतरावांचं नाव करडंच. फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. थोड्या वेळानं मेसेज आला.

'सर, मी दुसरीकडं गेलो. तुमी पण या.'

सरांनी तो दोनदा वाचला. दुसरीकडं म्हणजे कुठं? उदगीरला? कुणाच्या घरी? आणि हे 'सर' परत कुठून आलं? त्यांनी 'बरं' एवढंच लिहिलं.

दुसऱ्या दिवशीही नाव करडं. त्याच्या पुढच्या दिवशीही. सर एकटेच जुन्या ट्रकमध्ये बसून बघायचे, पण वाट सांगणारा नसला की पुढं जायला मन घेत नसे.

त्यात सरांच्या पत्नी विमलबाईंनी बातमी आणली. त्यांची बहीण भालकीला असते, तिच्याकडून कळलेली.

"श्रीमंतरावच्या थोरल्या भावाच्या पोरीचं लग्न हाय म्हणं. तुळशीचं लग्न झालं की लगेच. पत्रिका भालकीपर्यंत वाटल्यात." त्या थोडं थांबल्या. "आपल्याला न्हाई आली."

"येईल की," सर म्हणाले. नाव करडं होणं, फोन न उचलणं, 'सर' म्हणणं आणि आता हे. चारही गोष्टी एकमेकींशेजारी ठेवल्या की त्यांचा एकच अर्थ लागत होता, आणि तो अर्थ सरांना लहानपणापासून चांगला ठाऊक होता.

त्यांनी पंचशीलाला फोन केला. लग्नाचं आधी विचारणं जमेना, म्हणून खेळाचं विचारलं.

"अहो बाबा, त्या खेळाच्या कंपनीनं दुसऱ्या दुकानाशी करार केलाय," ती म्हणाली. "वर्षभर फक्त तिथंच मिळणार. सगळेच चिडलेत, नेटवर नुसत्या शिव्या चालल्यात. माउलीच्या आप्पांनी तिकडून घेतलाय."

"पण आपल्या दुकानात आदल्या दिवसापर्यंत तर होता."

"काढून घेतला."

"म्हणजे आधी दाखवायचा, वाट बघायला लावायची, आन मग काढून घ्यायचा?"

"व्हय."

"मग श्रीमंतरावचं नाव का दिसत न्हाई?"

"ते तिकडं असतात ना. या दुकानातल्याला त्या दुकानातला माणूस दिसत न्हाई, बाबा."

सरांना हे पटेना. एकाच खेळाचा पहिला भाग इकडं, दुसरा तिकडं, आणि खेळणारी माणसं एकमेकांना अदृश्य. असा कसा धंदा? पण निदान श्रीमंतराव मुद्दाम लपलेले नव्हते. त्या भरात त्यांनी विचारून टाकलं, "तुझ्या चुलत सासऱ्याच्या पोरीचं लग्न हाय म्हणं?"



"बाळ रडायलंय बाबा, ठेवते," पंचशीला म्हणाली.

बाळाचा आवाज सरांना आला नव्हता.

आता मात्र त्यांना काहीच कळेनासं झालं. खेळाचा उलगडा झाला होता, मग लग्नाचाही असाच काही साधा उलगडा असेल का? का खेळाचा उलगडा हीच आपल्याला टाळायची सोय झाली होती, तिकडं नवं दुकान निघालं आणि आपोआप आपण बाहेर? रविवारी सकाळी त्यांनी इस्त्रीचा सदरा काढला.

"बोलावल्याबिगर कामून जायलाव?" विमलबाईंनी विचारलं.

"बोलावलंय की. तुमी पण या म्हणलेत."

"ते खेळात."

"तेच तर मला कळंना," सर म्हणाले आणि हुमनाबादच्या जीपमध्ये बसले. तिथून भालकी, भालकीहून कमलनगर.

श्रीमंतराव दुकानात हरभऱ्याच्या बियाण्याच्या पिशव्या लावून घेत होते. सरांना बघताच हातातली पिशवी तशीच टाकून ते पुढं आले.

"अण्णा! अहो कामून येईनात तुमी? मी तिकडं बर्फात एकटा मरायलो! मशीनचा ड्रायव्हर घेतलो तर त्यो डावं-उजवं ऐकायलाच तयार न्हाई, रोज नेऊन दरीत घालायलाय."

सर बघतच राहिले. या आवाजात काही लपवलेलं असेल असं वाटेना. "मला खेळ सापडलाच न्हाई," ते म्हणाले. "आपल्या दुकानातून काढून टाकला. पंचशीलानं सांगेस्तोवर मला वाटलं तुमी गावाला गेलाव."

"मी लिहिलो होतो की, दुसरीकडं गेलो म्हणून!"

"दुसरीकडं म्हणजे कुठं, ते कुठं लिहिलाव?"

श्रीमंतराव कपाळावर हात मारून हसले. मग त्या कंपनीला, दोन्ही दुकानांना त्यांनी मनसोक्त शिव्या घातल्या. तेवढ्यात उदगीरकडचा एक शेतकरी आला, हरभऱ्याचं एक ठरावीक बियाणं मागितलं आणि कुरकुरला, "आमच्या बाजारात हे कामून मिळत न्हाई? एवढ्या लांब यावं लागतंय."

"कंपनीनं या भागात मलाच दिलंय," श्रीमंतराव म्हणाले. म्हणाले आणि त्यांचं सरांकडं लक्ष गेलं. शेतकरी पिशवी घेऊन गेल्यावर हळूच म्हणाले, "व्हय अण्णा. मी बी तसलाच दुकानदार."

सरांना हसू आलं. आता हसण्यावर नेऊन परत जाता आलं असतं. पण एवढा प्रवास त्यासाठी केला नव्हता.

"श्रीमंतराव, लग्नाचं काय?"

श्रीमंतरावांनी दुकानातल्या गड्याला चहा आणायला पाठवलं. तो गेल्यावर मघाशी टाकलेली पिशवी उचलून थप्पीवर ठेवली.

"पत्रिकेवर माझं नाव हाय," ते म्हणाले. "पण कुणाला द्यायच्या ते थोरले ठरवायलेत. मी म्हणलो, व्याह्याला दिल्याबिगर कसं चालंल. ते म्हणले, मग तू बी येऊ नको. माउलीला, सूनबाईला बी न्हाई बोलावले." त्यांचा आवाज खाली गेला. "त्या दिवशी फोन वाजत होता, मी बघत होतो. खेळाचं बोलला असताव तर उचललो असतो. लग्नाचं विचाराल म्हणून हात होईना."

"आन मेसेजात 'सर' लिहिलाव?"

"सर लिहिलो?" श्रीमंतरावांनी मोबाइल काढून बघितला. "व्हय की. कसं काय लिहिलो... ध्यानातच न्हाई आलं."

ते खरं बोलत होते की नाही, सरांना सांगता आलं नसतं. बहुधा श्रीमंतरावांनाही नसतं.

त्यांनी सरांना घरी नेलं, ओट्यावर नव्हे, आत. शेंगदाण्याची चटणी, ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी. शेजारी बसून दोघं जेवले. भिंतीपलीकडं थोरल्यांचं घर. तिथं मांडवाचे बांबू येऊन पडले होते. सरांनी इथं दोनदा भाजी मागून घेतली, आणि पलीकडच्या मांडवात त्यांना जागा नव्हती. राग यायला हवा, असं त्यांना वाटत होतं. आला असता तर बरंही झालं असतं. पण समोरच्या माणसावर तो धरता येईना आणि भिंतीपलीकडच्या माणसाला त्यांनी कधी बघितलंच नव्हतं.

"मी जाऊ का नको, सांगा," श्रीमंतरावांनी निघताना विचारलं.

"ते मी कसं सांगू?" सर म्हणाले. वाट सांगायची ती श्रीमंतरावांनी, आणि आज तेच विचारत होते. सर बसमध्ये चढले.

घरी येऊन त्यांनी पंचशीलाला फोनवर धरून नव्या दुकानात खातं उघडलं. तिथं त्यांचं नेहमीचं नाव आधीच कुणीतरी घेतलेलं होतं. दुसरं घेतलं, तर पासवर्ड चालेना. आधीचे सगळे पार केलेले घाट इकडं मोजले जाणार नव्हते, इथं ते नवखेच. "हे सगळं परत कामून?" ते विचारत राहिले, ती सांगत राहिली, आणि शेवटी पंचशीला आपणहून म्हणाली, "बाबा, त्या लग्नाचं मला माहीत होतं. तुमाला कसं सांगावं कळंना."

"असू दे," सर म्हणाले. "आता पुढं काय दाबू ते सांग."

नवा बर्फ त्यांच्या जुन्या मशीनवर अडखळत पडायचा, गाडी मध्येच गोठायची. तरी दोघं रोज थोडं थोडं जायला लागले. लग्नाचा विषय दोघांनीही परत काढला नाही.

लग्न दुपारचं होतं. त्या दिवशी सुट्टी होती. सरांनी जेवून उठल्यावर उगीचच कॉम्प्युटर लावला. कुणी असणार नव्हतं हे माहीत होतं. अक्षता पडून पंगती बसल्या असतील, अशा वेळेला श्रीमंतरावांचं नाव हिरवं झालं.

"हॅलो," हेडफोनमध्ये आवाज आला. मागं भिंतीपलीकडं बँड वाजत होता.

"गेला न्हाईत?"

"गेलो होतो. अक्षता टाकलो, पोरीच्या डोक्यावर हात ठेवलो, आलो."

"जेवलाव?"

"न्हाई."

बरं केलं म्हणावं, तर भावाच्या लेकीच्या लग्नातून माणूस उपाशी उठून आलेला. चुकलं म्हणावं, तर तो कुणासाठी उठला होता हे दिसतच होतं. त्या पोरीचं तरी काय चुकलं होतं?

"ट्रक काढा, अण्णा," श्रीमंतराव म्हणाले.

"आधी जेवून या."

"न्हाई ओ, चला."

"घरात भाकरी असंल ना? खाऊन या. मी गाडी कडेला लावतो."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि श्रीमंतराव उठून गेले. सरांनी ट्रक रस्त्याच्या कडेला घेतला. इंजिन चालूच ठेवलं, नाहीतर त्या खेळात केबिन गारठते आणि माणूस मरतो. समोरच्या काचेवर बर्फ साचायला लागला.

विमलबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "काय म्हणायलेत?"

"जेवायला गेल्यात," सर म्हणाले आणि काच पुसायचं बटण शोधायला लागले.