टायरमधला दुसरा काटा

कुरुंद्याच्या फाट्यावर लिंबाखाली ग्यानोबाचं सायकलीचं दुकान चाळीस वर्षांपासूनचं. एक काळ असा होता की बाजाराच्या दिवशी उलट्या सायकलींची रांग पार रस्त्याला भिडायची. तेव्हापासून त्याच्या बायकोची, चतुराबाईची, जागा ठरलेली होती, पाण्याच्या घमेल्यापलीकडं, पोत्यावर. पंक्चरचं सोल्युशन लावून, कानस घासून ग्यानोबाच्या बोटांची कातडी अशी मेली होती की टायरात रुतलेला काटा त्याला कळतच नसे. तो टायर तिच्याकडं सरकवून म्हणायचा, "राणीची माय, बघ." ती आतून बोट फिरवायची, काटा काढून त्याच्या तळहातावर ठेवायची. मगच नवी ट्यूब आत जायची. आता दिवसाला एखादीच सायकल येई, तरी ते "बघ" ऐकायला चतुराबाई भाकरी लवकर उरकून दुकानात येई.

शिला येऊ लागली आणि सगळं बिनसलं. ही तांड्यावरची आशाताई, सरकारी गोळ्या-औषधं घेऊन सायकलवर आजूबाजूच्या वस्त्या फिरणारी. ग्यानोबाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. दुकान बंद व्हायच्या आत हिला ट्यूब बदलायला शिकवायचं, असं त्यानं मनात घेतलं. आडरानात पंक्चर झाली तर हिनं कुणाला हाक मारावी? चतुराबाईला ते पटलंही असतं. पण तो शिलाला नावानं बोलवायचा. शिला, पाना दे. शिला, ट्यूबचा वाल सरळ धर. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात चतुराबाईनं आपलं नाव त्याच्या तोंडून एकदाही ऐकलं नव्हतं. आणि टायर उचकायच्या पट्ट्या तर त्यानं तिच्या हातात कधी दिल्याच नाहीत. बायकांचं काम न्हाई, म्हणायचा.

त्या दिवशी शिलाच्या मागच्या चाकाची ट्यूब ठिगळांनी भरली होती. तिनं चाक सोडवलं, पट्ट्या घालून टायरची कड उचलली, जुनी ट्यूब ओढून काढली. चतुराबाईनं सवयीनं हात पुढं केला.

"शिला, तूच बघ आता," ग्यानोबा म्हणाला. "रानात काय मावशीला संगं नेशील?"

शिला हसली. बोट फिरवता फिरवता तिला काटा लागला, तो तिनं उंच धरून दाखवला.

"पोरीच्या बोटाला डोळे हायेत," तो म्हणाला.

असा शब्द चतुराबाईच्या वाट्याला चाळीस वर्षांत आला नव्हता. पुसायचं निमित्त करून तिनं टायर ओढून घेतला. वालच्या भोकापासून वीतभर अंतरावर तिच्या बोटाला टोचलं. बाभळीच्या काट्याचं मोडकं टोक होतं, खोल रुतलेलं. तिनं बोट उचललं, टायर पुसून परत दिला आणि "झालं" एवढंच म्हणाली.

नवी ट्यूब आत गेली, हवा भरली गेली, शिला निघून गेली. चतुराबाई रस्त्याकडं डोळे लावून बसली.

भर उन्हात शिला सायकल ढकलत आली. घामानं न्हालेली. तांड्यावर एक बाळंतीण गोळ्यांची वाट बघून राहिली, म्हणाली. टायर पुन्हा उचकला गेला. ग्यानोबानं आपलं मेलेलं बोट दोनदा आतून फिरवलं. काही लागलं नाही. मग त्यानं टायर बायकोपुढं धरला.

"राणीची माय, बघ."

हेच तर तिला हवं होतं. कुठं न चाचपडता तिचं बोट सरळ त्या जागी गेलं. काटा नखानं उपसून ती तळहातावर ठेवायला गेली, तर ग्यानोबाची मूठ मिटलेली.

"बोट फिरवलं बी न्हाईस," तो हळू म्हणाला. मग शिलाकडं वळला. "माझीच चूक झाली, पोरी. म्या बघायला पायजे होतं."

त्यानं परक्या बाईपुढं आपल्या चुकीवर पांघरूण घालावं, हे चतुराबाईला जास्त झोंबलं.

"त्यांची न्हाई," ती म्हणाली. "मला लागला होता. म्या बोलले न्हाई."

"काहून, मावशी?" शिलानं विचारलं.

चतुराबाईनं शिलाचं मनगट धरून तिचं बोट टायरमध्ये घातलं. "एकदा असं फिरवायचं, मग उलटं. वाकडा काटा एका बाजूनं लागत न्हाई." हे तिनं नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

नव्या ट्यूबला पहिलं ठिगळ बसलं. शिला सायकलवर बसली, तसा ग्यानोबानं मागून आवाज दिला, "शिला, सावकाश जा."

ते नाव चतुराबाईला पुन्हा टोचलं. तिनं घमेल्यातलं पाणी लिंबाच्या बुडाशी ओतलं, काटा पदराच्या गाठीत बांधला आणि पोत्यावर आपल्या जागी जाऊन बसली.